लेखनिक नको

कॉलेजात परीक्षा विभागाची खिडकी ही एकच जागा अशी असते, जिथे कुणी हौसेनं येत नाही. ग्रंथालयात पोरं पंख्याखाली डुलकी काढायला तरी येतात, कॅन्टीनचं तर विचारायलाच नको. आमच्याकडे येणाऱ्याचं काहीतरी हरवलेलं असतं, राहिलेलं असतं नाहीतर चुकलेलं असतं. निगडीच्या पुढे तळवड्याच्या रस्त्याला असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकतीस वर्षं त्या खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधलं सगळं सांगत बसत नाही. निरोप समारंभात ते एकदा सांगून झालं आहे आणि लोकांनी जांभया दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, परीक्षा म्हणजे पोरांनी लिहायचं आणि मास्तरांनी तपासायचं. मधलं कुणाला दिसत नाही. आदल्या दिवशी बैठकव्यवस्था करायची, म्हणजे एका बाकावर एकाच शाखेची दोन पोरं येणार नाहीत असं सगळं मांडायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते मोडून पुन्हा नव्यानं मांडायचं, कारण रोज जागा तीच राहिली तर पोरं बाकावर शिलालेख कोरून ठेवतात. प्रश्नपत्रिकांचं पाकीट दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन फोडायचं. पुरवण्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. शेवटी गठ्ठा बांधताना एक उत्तरपत्रिका कमी भरली तर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणी घरी जात नाही. माझ्या एकतीस वर्षांत एकही उत्तरपत्रिका हरवली नाही. एवढी बढाई मला मारू द्या.

गिऱ्हाइकं मात्र एकेक अशी यायची! एकानं अर्धं हॉल तिकीट आणलं. उरलेलं अर्धं चिखलीतल्या त्याच्या शेळीनं खाल्लं होतं आणि पुरावा म्हणून मोबाइलमध्ये तो शेळीचा फोटो घेऊन आला होता. दुसरा एक चाकणच्या कंपनीतली थर्ड शिफ्ट संपवून तसाच युनिफॉर्मवर पेपरला यायचा. एकदा तो पहिल्या प्रश्नावरच मान टाकून झोपला. पर्यवेक्षकानं मला येऊन विचारलं, उठवू का? मी म्हणाले, उठवा असं नियमात कुठे म्हटलंय? तो तीन तास झोपला आणि नापास झाला. तेव्हा मला माझ्या काटेकोरपणाचा अभिमान वाटला होता. आता आठवलं की लाज वाटते.

या सगळ्यात लेखनिकाचं काम मला विशेष आवडायचं. ज्याचा हात मोडलाय, ज्याला दिसत नाही, अशा विद्यार्थ्याला आम्ही लिहिणारा माणूस देतो. हा लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला हवा आणि त्या विषयाचा तर अजिबात नको, नाहीतर परीक्षा त्याचीच व्हायची. विद्यार्थ्यानं सांगायचं, लेखनिकानं उतरवायचं. आणि एकदा लेखनिक घेतला की विद्यार्थ्यानं पेनाला हात लावायचा नाही. एका उत्तरपत्रिकेत दोन अक्षरं दिसली की आमच्याकडे ती कॉपीची केस व्हायची. हा नियम मी पेपरच्या आधी प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवत असे.

माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली होती तेव्हा पल्लवी मोहिते पहिल्या वर्षाला आली. खिडकीशी बोलल्या त्या तिच्या आई, सुनंदाताई. लातूरकडचं कुटुंब, रुपीनगरला राहणारं. वडील चाकणला फोर्जिंगच्या कारखान्यात, तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर. सुनंदाताईंच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती आणि ती त्यांनी छातीशी धरली होती. पल्लवी त्यांच्या मागे दोन पावलं अंतरावर, भिंतीवरचं जुनं वेळापत्रक वाचत उभी. अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाठीवर सॅक, पट्टे दोन्ही हातांत घट्ट.

"म्याडम, ही परक्यासंगं बोलत नाही वो," सुनंदाताई म्हणाल्या. "हिचं सगळं मलाच बघावं लागतंय. सवलतीचं काय काय आसतंय ते समदं द्या."

फाइलमध्ये प्रमाणपत्र होतं. त्यावर मराठीत स्वमग्नता असं लिहिलं होतं. सुनंदाताई ऑटिझम म्हणाल्या. तोवरच्या सगळ्या नोकरीत अशी विद्यार्थिनी माझ्यापुढे पहिल्यांदाच आली होती, म्हणजे निदान प्रमाणपत्र घेऊन तरी. मला अगदी स्फुरण चढलं. हिला काही कमी पडू द्यायचं नाही! आमच्या छापील अर्जावर चौकटी होत्या: जादा वेळ, स्वतंत्र खोली, लेखनिक. मी तिन्ही चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. सुनंदाताईंनी पालकांची सही केली. मग मी अर्ज पल्लवीपुढे सरकवला, बोटानं जागा दाखवली आणि तिनं तिथे नाव लिहिलं. तिला मी काही विचारलं नाही. विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

परीक्षा आली. आमच्या विभागाला लागून एक स्टोअररूम होती. ती मी रिकामी करून घेतली, पडदा लावून घेतला, नवी खुर्ची मागवली. लेखनिक म्हणून अकरावी आर्ट्सला असलेली एक गोड मुलगी आणली. पहिल्या पेपरला मी स्वतः नियम वाचून दाखवले: जे सांगायचं ते तोंडी सांगायचं, तू स्वतः एक अक्षरही लिहायचं नाही, लिहिलंस तर ती कॉपीची केस होईल. पल्लवीनं मान हलवली. नंतर दोनदा मी दाराच्या काचेतून डोकावले. आत सामसूम होती. दोघी शांतपणे बसल्या होत्या. मी आमच्या शिपायाला, बबनरावांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात व्यवस्था."

निकाल लागला तेव्हा पल्लवी पाचही विषयांत नापास होती. एकात शून्य, बाकीच्यांत दोन, पाच असले मार्क. सुनंदाताई येऊन गेल्या, पेपर अवघड होते का म्हणून विचारून गेल्या. मला हळहळ वाटली. झेपलं नसेल बिचारीला, असं मी मनात म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले. उन्हाळ्याच्या परीक्षेत हे पाच आणि नवे पाच, असे दहा पेपर तिच्यापुढे होते. त्यातले पुरेसे सुटले नाहीत तर दुसऱ्या वर्षात प्रवेश नव्हता. घरी बसून पुन्हा तेच वर्ष. अशा ठिकाणी किती पोरं कायमची घरी बसतात ते खिडकीच्या आतून नीट दिसतं.

फेब्रुवारीत एका दुपारी पल्लवी एकटी आली. खिडकीशी उभी राहिली, माझ्याकडे न बघता सॅकमधून टाइप केलेला एक कागद काढला आणि आत सरकवला. प्राचार्यांच्या नावे अर्ज होता. तो अर्ज मी इतक्या वेळा वाचला आहे की पाठ झाला आहे.

"मला लेखनिक नको. मला लिहिता येतं. अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही, म्हणून मागच्या वेळी मी एखाददुसऱ्या शब्दापलीकडे उत्तरं सांगू शकले नाही. स्वतः लिहिणं नियमाविरुद्ध होतं, म्हणून लिहिलं नाही. मला स्वतंत्र खोली नको. तिथे कंप्रेसर आहे. मला तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रॉइंग हॉलमध्ये भिंतीकडेची शेवटची जागा द्यावी आणि ती सगळ्या पेपरना तीच असावी. मला इतरांच्या आधी अर्धा तास आत बसू द्यावं. जादा वेळ हवा. मला कुणी हात लावू नये. मी उठून उभी राहिले तर मला बाहेर नेऊ नये. थांबावं."

मी ते वाचलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. तीन तास, पाच दिवस, उत्तरं डोक्यात घेऊन ही मुलगी पेनाला हात न लावता बसून राहिली होती, कारण मी तिला तसं बजावलं होतं. आणि मी काचेतून डोकावून खूश होत होते!

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "अगं, पण स्टोअररूममध्ये कंप्रेसर कुठाय?"

"भिंतीपलीकडे," ती टेबलाकडे बघत म्हणाली. इतके महिने खिडकीत पाहून मी तिला अनोळखी राहिले नसेन. "चार मिनिटांनी सुरू होतो. चाळीस सेकंद चालतो. पंख्याचा आवाज चालतो, तो सारखा असतो. थांबून थांबून येणारा चालत नाही."

मी तशीच उठले आणि स्टोअररूममध्ये जाऊन उभी राहिले. कॉलेजच्या कुंपणाला लागून छोट्या कारखान्यांची ओळ आहे. घड्याळात बघत होते. भिंत एकदम घरघरायला लागली, थोडा वेळ घरघरली आणि थांबली. मी बबनरावांना हाक मारली.

"व्हय मॅडम, त्यो मागच्या वर्कशापवाल्याचा काम्प्रेसर हाय," ते म्हणाले. "लय वर्सं झाली की. तुमास्नी आत्ता ऐकू आला व्हय?"

परत येऊन मी पल्लवीला विचारलं, ड्रॉइंग हॉलच का? तेव्हा तिनं वही दाखवली. तास नसतील तेव्हा कॉलेजातल्या प्रत्येक खोलीत जाऊन ती बसून आली होती. कुठल्या खोलीत कुठला बाक, किती वेळ बसता आलं, काय आवाज होता, ट्यूबलाइट फडफडते की नाही, सगळं तारीखवार. काही खोल्यांपुढे फक्त "नाही" असं लिहिलं होतं. स्वतःला काय चालतं आणि काय चालत नाही, हे मी माझ्या साठीकडे झुकलेल्या वयात असं कधी शोधून काढलं नव्हतं. मला चहा कडक आवडतो की बेताचा, हे सुद्धा सासूबाई गेल्यावर ठरलं!

पण अर्ज म्हणजे अर्ज, आणि मी म्हणजे मी. मी तिला सांगितलं, "सवलत बदलायची तर नवा फॉर्म भरावा लागेल. त्यावर पालकांची सही लागते. आईला घेऊन ये."

चार दिवसांनी तिघंही आले. वडील, मधुकरराव, फर्स्ट शिफ्ट संपवून आले होते. कपाळावर हेल्मेटचा वळ तसाच होता. मी त्यांना आत बसवलं. सुनंदाताई बसल्या नाहीत.

"म्या सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "ह्या एका सर्टिफिकेटासाठी मी किती चकरा मारल्या, माझ्या जिवाला ठाऊक. शाळेत हिला वर्गाच्या बाहीर बसवायचे वो. मी पाया पडून पडून आत बसवली. आन् आता मिळालेलं ही आपल्या हातानं सोडायलीय. उद्या त्या येवढ्या पोरांत हिला काय झालं तर? कोण धरणार हिला?"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. खरं सांगते, मनातून मी त्यांच्याच बाजूची होते. शंभर पोरांच्या हॉलमध्ये ही मुलगी बिथरली तर काय, हा प्रश्न मलाही पडला होता. अर्धं वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं, की बाळा, लेखनिक राहू दे, फक्त खोली बदलू.

पल्लवी म्हणाली, "आई, परीक्षेला तू बसणार नाहीस. मी बसणार आहे."

आवाज चढला नव्हता. बस किती वाजता येते ते सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मग माझ्या टेबलावरच्या फॉर्मवर बोट ठेवून विचारलं, "पालकांची सही लागते, हा नियम कुठे लिहिलाय? मला अठरा पूर्ण झाली आहेत. मला तो नियम वाचायचा आहे."

नियम वाचायचा आहे असं माझ्या खिडकीवर तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी मोठ्या दिमाखात कपाट उघडलं. परिपत्रकांच्या फायली माझ्याइतक्या व्यवस्थित कुणी ठेवल्या नव्हत्या. दिव्यांग विद्यार्थ्यांची फाइल काढली, पहिल्या पानापासून चाळली. जागोजागी लिहिलं होतं: उमेदवाराची सही. उमेदवाराचा अर्ज. उमेदवाराची संमती. पालक हा शब्द कुठेच नव्हता. मग फॉर्ममध्ये तो आला कुठून? फायलीच्या तळाशी आमच्या फॉर्मचा मूळ कच्चा मसुदा सापडला, पिवळा पडलेला. त्यात शेवटी निळ्या शाईनं एक ओळ वाढवली होती: पालकांची सही. अक्षर माझं होतं.

कधीतरी कुठल्याशा वडिलांनी येऊन तक्रार केली असेल, आम्हाला का कळवलं नाही म्हणून. मग पुढे कटकट नको, असा विचार करून मी ती ओळ घातली असेल. मला आठवतही नव्हतं. आणि इतकी वर्षं मी मोठ्या पोरांना त्या ओळीपायी आईबापांकडे परत पाठवत होते, नियम आहे असं ठणकावून.

क्षणभर फाइल मिटून टाकावीशी वाटली. कुणाला कळलं असतं? पण ती मुलगी फायलीकडे बघत होती. ती खोटं बोलत नसे आणि नियम चोरून मोडत नसे. ते जवळजवळ कोरे पाच पेपर त्याचेच तर साक्षीदार होते. माझ्या तोंडून खोटं बाहेर पडेना.

मी म्हणाले, "असा नियम नाही. ही ओळ मी घातली आहे. माझी चूक आहे."

मग मधुकरराव, जे इतका वेळ खाली मान घालून बसले होते, ते बायकोला म्हणाले, "सुनंदा, मी हॅमरवर काम करतोय. कानात बोंडं घालून. ह्या पोरीला लहानपणी भांडं पडलं की दोन्ही हात कानावर. आपण हिला गप म्हणायचो. हिला काय हुतंय, काय पाहिजे, कधी इचारलंच नाही गं आपण. मी बी नाही." एवढं बोलून ते उठले आणि बाहेर पाणी प्यायला गेले. सुनंदाताई फाइल छातीशी धरून उभ्याच राहिल्या. नवा फॉर्म मी तिथेच टाइप करून काढला, त्यात एकच सहीची जागा होती. पल्लवीनं तो आधी पूर्ण वाचला, एक चूक दाखवली, ती दुरुस्त केल्यावर सही केली.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, काही झालं तर जबाबदारी तुमची."

मी म्हणाले, "सर, जबाबदारी तिनं घेतलीय. माझ्याकडे फक्त बैठकव्यवस्था आहे."

पण ती बैठकव्यवस्था सोपी नव्हती. रोज सगळा हॉल फिरवायचा आणि एक जागा फिरवायची नाही! मी आयुष्यभर पहिल्या बाकापासून मांडत आले होते. त्या उन्हाळ्यात शेवटच्या बाकापासून मांडत पुढे आले. पहिले दोन पेपर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं, मग हाताला वळण पडलं. पर्यवेक्षकांना अर्जाची प्रत दिली. पल्लवी अर्धा तास आधी यायची, रिकाम्या हॉलमध्ये भिंतीशी बसायची, कानात फोमची बोंडं घालायची. वडील कारखान्यात घालतात तसलीच ती त्यांनी विकत घेऊन दिली होती, पिवळीधमक. मग बाकीची पोरं आत यायची.

सहा पेपर सुरळीत झाले. सुनंदाताई रोज यायच्या आणि गेटजवळच्या कडुनिंबाखाली तीन-चार तास उभ्या राहायच्या. बसा म्हटलं तर म्हणायच्या, "ती आत बसलीय की."

सातव्या पेपरला भरारी पथक आलं. कॉपी पकडायला न सांगता बाहेरून येणाऱ्या माणसांना आमच्याकडे असं म्हणतात. त्यांच्यातल्या एका सरांना शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या कानात पिवळं काहीतरी दिसलं. पर्यवेक्षक कागद दाखवायला धावेपर्यंत त्यांनी मागून येऊन पल्लवीच्या खांद्यावर हात ठेवला होता.

बबनराव मला बोलवायला आले तेव्हा धापा टाकत होते. तीन मजले मी कशी चढले माहीत नाही. हॉलमध्ये गेले तर पल्लवी उभी होती, तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कानांवर. पुढे-मागे झुलत होती आणि घशातून एक बारीक, सलग आवाज काढत होती. शंभर पोरांची पेनं थांबली होती.

"काय झालंय हिला? बाहेर घ्या आधी," पथकातले सर म्हणाले. ते वाईट नव्हते, घाबरले होते. पथकातल्या एक प्राध्यापिका पल्लवीकडे निघाल्याही होत्या. मी मधे उभी राहिले आणि अर्जाची प्रत पुढे धरली.

"तिनं लिहून दिलंय. बाहेर नेऊ नये. थांबावं."

"अहो, किती वेळ?"

"ते लिहिलेलं नाही."

ते सर मागे सरकले. मी पोरांना म्हणाले, तुम्ही लिहा. काही क्षणांनी एका पोराचं पेन चालायला लागलं, मग दुसऱ्याचं, मग हळूहळू सगळा हॉल लिहायला लागला. त्या पोरीला जवळ घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा, उचलून थंड खोलीत न्यावं, म्हणून माझे हात मात्र शिवशिवत होते. आजवर मी जी जी मदत केली ती अशीच, हात शिवशिवले म्हणून केली होती. मी ते हात पाठीमागे बांधले.

दारात गलका झाला. खाली जाऊन कुणीतरी सुनंदाताईंना सांगितलं होतं. त्यांची चप्पल जिन्यात कुठेतरी राहिली होती. त्या आत घुसणार तोच मी दारात गेले. मी त्यांना अडवू शकले असते का? आईला कोण अडवणार! मी फक्त कागदावरच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी तो वाचला. मग पोरीकडे पाहिलं, पुन्हा वाचला. आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या. त्यांनी माझा दंड धरला होता. त्यांच्या बोटांचे वळ मला दुसऱ्या दिवशीही दिसत होते.

चौदा मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होते म्हणून सांगते, नाहीतर मी दोन तास म्हणाले असते. आधी तिचं झुलणं कमी झालं. मग घशातला आवाज थांबला. मग तिनं कानांवरचा एक हात काढला, थोड्या वेळानं दुसरा. भिंतीकडे बघत काही वेळ नुसती उभी राहिली. मग वळली, खाली बसली, खाली पडलेलं पेन उचललं, बोंड नीट बसवलं आणि अर्ध्यावर राहिलेली आकृती पुरी करायला लागली. आमच्यापैकी कुणाकडे तिनं पाहिलंही नाही.

भरारी पथकातले सर बराच वेळ तिथेच उभे होते. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, मी हे असं कधी पाहिलं नव्हतं." मी म्हणाले, मीपण नाही. सुनंदाताई पायरीवर बसून पदरानं तोंड पुसत होत्या. "घरी आसं झालं की मी धरते वो तिला," त्या म्हणाल्या. "लई येळ लागतो मग शांत व्हायला. मला वाटायचं, मी धरते म्हणून होते शांत."

निकाल जुलैत लागला. ही काही चमत्काराची गोष्ट नाही, त्यामुळे पहिल्या नंबराची वगैरे वाट बघू नका. मार्क बेताचेच होते. दुसऱ्या वर्षात जाण्यापुरते विषय सुटले होते. गणित राहिलं होतं, थोडक्यात. मला फार वाईट वाटलं, कारण ते सातव्या दिवसाच्या आसपासचं होतं आणि त्या चौदा मिनिटांचा हिशेब मी मनात करत बसले होते.

ती खिडकीशी आली, एकटी. सुनंदाताई मागे, जिन्याजवळच्या बाकावर बसल्या होत्या, आणि फाइल आज पल्लवीच्या हातात होती. मी तिची गुणपत्रिका काढून दिली. ती उभ्या उभ्या प्रत्येक ओळ वाचत राहिली. मला राहवेना.

"पुनर्तपासणीचा अर्ज कर बाळा," मी म्हणाले. "तीन-चार मार्कांचा तर प्रश्न आहे. वाढतील."

"नको. दोन गणितं मला येत नव्हती."

"तरीपण. त्या दिवशी तुला त्रास झाला म्हणून तर..."

"गणिताचा पेपर तो नव्हता," ती म्हणाली. "गणित त्याच्या आदल्या दिवशी होतं. तेव्हा काही झालं नव्हतं. मला येत नव्हतं."

मग तिनं गुणपत्रिका नीट घडी घालून फाइलमध्ये ठेवली आणि त्या वर्षभरात पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, अगदी ओझरतं.

"मॅडम, मागच्या वेळी मी नापास नव्हते झाले," ती म्हणाली. "ह्या वेळी झाले."

एकतीस वर्षांत त्या खिडकीवर मी हजारो नापास पोरं पाहिली. रडणारी, चिडलेली, हसण्यावारी नेणारी. नापास होऊन इतकं ताठ उभं राहिलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मी उगाच गठ्ठा खालीवर करत राहिले. तिनं गणिताचा परीक्षा अर्ज मागितला, तिथेच भरला, खाली सही केली आणि पावती घेऊन ती जिन्याकडे गेली.

सुनंदाताई उठल्या. सवयीनं त्यांची नजर आधी माझ्याकडे आली आणि तोंड उघडलं, काय झालं म्हणून विचारायला. मी काहीच बोलले नाही. मग त्यांनी तोंड पोरीकडे वळवलं आणि तिला विचारलं.